लाल कंदील आणि करड्या विटा: ‘रेज द रेड लँटर्न’च्या डिस्क ताडून कशा पाहाव्यात

झांग यिमौच्या १९९१ च्या ‘रेज द रेड लँटर्न’च्या दोन डिस्क शेजारी शेजारी लावल्या, की बहुतेक जण जिचा लाल जास्त भडक ती चांगली म्हणून मोकळे होतात. फसगत होते ती इथेच. लाल वाढवणं हे डिस्क बनवणाऱ्याचं सगळ्यात सोपं काम. निकाल द्यायचा तो करड्या विटांवर, पांढऱ्यावर आणि चालणाऱ्या माणसांवर.

हा सिनेमा त्यासाठी सोयीचाही आहे. गोष्ट एका श्रीमंत घराण्याच्या वाड्यातली: चार बायका, चार चौक आणि त्या रात्री मालक जिच्याकडे मुक्कामाला तिच्या दारात लागणारे लाल कंदील. चित्रीकरण चीनच्या शान्शी प्रांतातल्या छियाओ घराण्याच्या खऱ्या वाड्यात झालंय. कॅमेरा बहुतांश स्थिर, चौकटी समोरासमोर मापून लावलेल्या. त्यामुळे दोन डिस्कवरून हुबेहूब तीच फ्रेम काढणं जड जात नाही.

आधी खोक्याची मागची बाजू वाचा. मूळ लांबी साधारण १२५ मिनिटं. पाल (युरोप-भारताच्या टीव्ही पद्धतीच्या) डिस्कवर सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा २५ च्या वेगाने पळवतात, म्हणून तोच सिनेमा १२० मिनिटांत संपतो. ती काटछाट नव्हे. पाल डिस्कची वेळ १.०४१७ ने गुणा. १२५ च्या आसपास आकडा आला तर काही गेलेलं नाही. आकडा कमी भरला तर काप कुठे आहे ते शोधायची सोपी युक्ती आहे. सिनेमात ऋतूंच्या पाट्या येतात: उन्हाळा, शरद, हिवाळा आणि पुन्हा पुढच्या वर्षीचा उन्हाळा. (वसंत मुद्दामच नाही.) दोन्ही डिस्कवर प्रत्येक पाटी किती मिनिट-सेकंदाला येते ते वहीत मांडा आणि दोन पाट्यांमधलं अंतर काढा. फरक नुसत्या वेगाचा असेल तर सगळी अंतरं एकाच प्रमाणात आखडलेली दिसतील. एकच अंतर जास्त आखडलं असेल तर काप त्याच भागात आहे.

खोक्यावर ‘वाइडस्क्रीन’ लिहिलंय एवढ्यावर खूश होऊ नका. चौकट साधारण १.८५:१ ची आहे. जुन्या डिस्कवर ती ४:३ च्या चौकोनात वर-खाली काळे पट्टे देऊन बसवलेली असते. अशा पाल डिस्कवर ५७६ पैकी जेमतेम ४१५ ओळी चित्राच्या वाट्याला येतात, बाकी सगळा काळोख. अ‍ॅनामॉर्फिक (म्हणजे चित्र दाबून पूर्ण चौकोनात भरलेल्या आणि टीव्हीवर पुन्हा रुंद होणाऱ्या) डिस्कवर त्याच चित्राला ५५३ ओळी मिळतात. ओळख सोपी आहे: १६:९ च्या टीव्हीवर चित्राच्या चारही बाजूंनी काळी चौकट आली तर ती पहिल्या प्रकारातली. मोठी करून बघता येईल, पण नसलेल्या ओळी कुठून येणार?

मग डिस्क संगणकात घालून तिच्यातला डेटा किती जीबी आहे ते पाहा. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५. १२५ मिनिटांचा सिनेमा एका थरात कोंबला की आवाज धरून सरासरी सेकंदाला ५ मेगाबिट हाती येतात, दोन थरांत ९ पर्यंत जाता येतं. काटकसर आधी अंधारात दिसते: रात्रीच्या चौकात कंदिलाभोवतीचा उजेड हळूहळू विरण्याऐवजी पायऱ्या-पायऱ्यांनी तुटतो. डिस्कची खालची बाजू जांभळट असेल तर ती घरी जाळलेली प्रत. तुलना करायच्या भानगडीत पडू नका.

फ्रेम काढायला व्हीएलसी हा संगणकावरचा मोफत प्लेअर पुरतो. डीव्हीडी लावा, ‘डी’ दाबून डीइंटरलेस (दातेरी रेघा मिटवणारी सोय) बंद करा, ‘ई’ने एकेक फ्रेम पुढे सरका, शिफ्ट आणि ‘एस’ एकत्र दाबून चित्र साठवा. साठवायचं ते पीएनजीमध्ये. जेपीजीचे स्वतःचे ठोकळे पडतात आणि दोष फुकट डिस्कच्या माथी बसतो. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह घ्या, जळगावात गोलाणी मार्केटमध्ये चौकशी केली तर वापरलेलाही मिळू शकेल. ड्राइव्हचा रिजन (कुठल्या देशांच्या डिस्क चालतील ते ठरवणारा क्रमांक) मात्र पाचच वेळा बदलता येतो. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. विकत घेण्याआधी किती बदल शिल्लक आहेत ते बघून घ्या.

आता कोणत्या फ्रेम? सुरुवातीलाच चौथ्या बायकोचा, सोंगलियानचा, म्हणजे गाँग लीचा, स्थिर जवळून घेतलेला चेहरा आहे. त्वचेवर बारीक दाणा (फिल्मचा नैसर्गिक खरबरीतपणा) दिसला पाहिजे. चेहरा मेणाचा वाटला तर दाणा काढायच्या नादात तपशीलही पुसलाय. त्यानंतर ती वाड्याकडे येते तेव्हा अंगात पांढरा सदरा आणि मागे विटांच्या भिंती असतात. दोन्ही डिस्कवरचा सदरा शेजारी ठेवा. एकीकडे तो पिवळट आणि भिंत हिरवट असेल, तर तिथला लाल कितीही सुंदर दिसो, त्यावर विश्वास ठेवू नका. हिवाळ्यातलं छपरावरचं बर्फ दुसरी कसोटी: पावलांच्या खळग्यांची कड दिसते की सगळं चुन्यासारखं सपाट पांढरं होतं?

छपरांवर थोडं जास्त थांबा. धाब्याच्या घरांच्या आपल्या खान्देशात नजरेला कौलांच्या अशा रांगांची सवय नसते, पण डिस्कची परीक्षा याच घेतात. वरून घेतलेल्या दृश्यांत शेकडो समांतर रेषा एकमेकींना खेटून आहेत. वाईट डिस्कवर त्या वळवळतात. आकाशाला भिडणाऱ्या कडेला पांढरी रेघ दिसली तर चित्र कृत्रिमपणे धारदार केलंय. पहिल्या नजरेला असं चित्र ‘क्लिअर’ वाटतं, तासाभरात डोळे दुखतात.

कंदिलांचा प्रश्न वेगळा. पाल डीव्हीडीवर उजेड-अंधाराची माहिती ७२० गुणिले ५७६ टिंबांची असते, रंगाची मात्र ३६० गुणिले २८८. इतर सिनेमांत हे खपून जातं. इथे गडद पार्श्वभूमीवर भडक लाल गोल आहे, त्यामुळे कडेला रंग सांडल्यासारखा किंवा दातेरी दिसतोच. चांगल्या डीव्हीडीवरही दिसेल, तेवढ्यावरून तिला नापास करू नका. लालमध्ये आडव्या बारीक रेघा दिसल्या तर दोष बहुधा प्लेअरचा असतो. तीच डिस्क दुसऱ्या प्लेअरवर लावून खात्री करा. ब्लू-रेवर रंगाची टिंबं ९६० गुणिले ५४० होतात. या सिनेमासाठी ब्लू-रे घ्यायचं हे सगळ्यात भक्कम कारण.

स्थिर फ्रेम कितीही देखणी असो, हालचाल तपासल्याशिवाय निकाल नाही. नोकर कंदील घेऊन चौकातून चालतात ते दृश्य फ्रेम-फ्रेमने पुढे न्या. एनटीएससी (अमेरिकी टीव्ही पद्धतीच्या) डिस्कवर पाचांतल्या दोन फ्रेमवर दातेरी रेघा दिसल्या तर घाबरू नका. २४ च्या ३० फ्रेम करताना त्या येतात आणि बरा प्लेअर त्या काढून टाकतो. एकाच माणसाच्या दोन अर्धपारदर्शक सावल्या दिसल्या तर मात्र ती पालवरून उतरवलेली एनटीएससी प्रत. हा दोष कुठल्याही सेटिंगने जात नाही.

आवाजासाठी तिसऱ्या बायकोचं, मेइशानचं, ऑपेराचं गाणं ऐका. पालच्या वेगामुळे सूर वर चढतो, अर्ध्या स्वरापेक्षा (सेमीटोनपेक्षा) थोडा कमी. काही डिस्कवर तो खाली आणून दुरुस्त केलेला असतो. एकटी डिस्क ऐकून फरक कळणार नाही, दोन्ही लागोपाठ लावल्या की लगेच कळतो. सबटायटल बंद करता येतात का, हेही याच वेळी पाहून घ्या. चित्रात भाजलेली असतील तर ती प्रत जुन्या प्रिंटवरून किंवा टेपवरून आल्याची शक्यता दाट.

टीव्हीवर ताडून बघणार असाल तर ‘व्हिविड’ मोड आणि हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. शार्पनेस अगदी खाली आणा (काही टीव्हींवर तटस्थ आकडा शून्य नसून मधला असतो), मोड ‘सिनेमा’ ठेवा. दोन्ही डिस्क एकाच प्लेअरवर, त्याच एचडीएमआय पोर्टवर, रात्रीच. दुपारच्या खान्देशी उन्हाचा एक कवडसा खोलीत आला तरी काळ्या रंगाबद्दल बोलणं व्यर्थ.

खरेदी करताना: डीव्हीडीसाठी भारत रिजन ५ मध्ये, ब्लू-रेसाठी सीमध्ये. अमेरिकेची ब्लू-रे ए, युरोपची बी. डीव्हीडीचा प्लेअर बऱ्याचदा रिमोटच्या कोडने सर्व रिजनचा करता येतो. ब्लू-रेचं तसं सहज होत नाही, म्हणून वर्णनात ‘रिजन फ्री’ असं स्पष्ट असेल तरच मागवा. ४के डिस्कला रिजनची भानगड नाही. एनटीएससी डीव्हीडीच हवी असेल तर अमेरिकेतली एमजीएमची २००७ ची डिस्क शोधा. तिथे त्याआधी आलेली, चित्राच्या दर्जावरून टीका झालेली डिस्क स्वस्तात दिसली तरी सोडून द्या.

आलेली डिस्क पार्सलमधून काढल्या काढल्या प्लेअरमध्ये घालू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो आणि कुरियरच्या गाडीत त्याहून जास्त. तापलेली डिस्क किंचित वाकलेली असली तर बाहेरच्या कडेला, म्हणजे एका थराच्या डिस्कवर सिनेमाच्या शेवटाकडे आणि दोन थरांच्या डिस्कवर बहुधा मध्याच्या आसपास, अडखळते. सपाट जागी तासभर गार होऊ द्या. कूलरच्या झोतात तर अजिबात ठेवू नका. बोअरच्या क्षारी पाण्याचे शिंतोडे वाळले की पांढरे डाग पडतात. ते ओल्या मायक्रोफायबर कापडाने, मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ पुसायचे, गोल गोल फिरवून कधीच नाही.