मंचावर लॅपटॉपमधले वाद्य गप्प झाल्यास मिडीचा मार्ग कसा तपासावा

दोन की-बोर्ड, एक ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचे पॅडचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आणि या तिघांचे आवाज पुरवणारा एक लॅपटॉप ही मांडणी आता ऑर्केस्ट्रात सर्रास दिसते. तीत एखादे वाद्य वाजेनासे झाले की बहुतेक वादक सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू करतात. त्याने कधी कधी वेळ निभावते, पण बिघाड कुठे होता हे कळत नाही आणि मध्यंतरानंतर तोच पुन्हा डोके वर काढतो. मिडी म्हणजे वाद्ये आणि संगणक यांनी एकमेकांना सूचना देण्याची सामाईक भाषा; तिच्या तारेतून आवाज जात नाही. कोणती पट्टी किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, अशा स्वरूपाचे संदेश तेवढे जातात. म्हणून कोणत्याही सेटिंगला हात लावण्यापूर्वी ते संदेश कुठपर्यंत पोहोचतात, हे पाहावे.

एबलटन लाइव्ह (यापुढे नुसते 'लाइव्ह') हे संगीताचे सॉफ्टवेअर वापरत असल्यास वरच्या पट्टीच्या उजव्या टोकाला असलेले मिडीचे छोटे दिवे पट्टी दाबल्यावर लुकलुकतात की नाही, ते पाहावे. मॅकवर 'मिडी मॉनिटर' आणि विंडोजवर 'मिडी-ऑक्स' ही साधने प्रत्येक संदेश चॅनल (एकाच तारेतले वेगवेगळ्या वाद्यांसाठीचे क्रमांकित मार्ग) व क्रमांकासह दाखवतात. मात्र विंडोजच्या जुन्या पद्धतीच्या अनेक ड्रायव्हरांत (उपकरण संगणकाशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरांत) एक पोर्ट, म्हणजे जोडणीचे दार, एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो, त्यामुळे तपासणीसाठी उघडलेले साधनच वाद्याचा मार्ग अडवून बसू शकते. तपासून झाले की ते बंद करावे.

दिवा लागतच नसेल, तर दोष लॅपटॉपच्या बाहेर किंवा उंबरठ्यावर आहे. केवळ चार्जिंगपुरती असलेली यूएसबी केबल, स्वतंत्र वीजपुरवठा नसलेला हब आणि इंटरफेसच्या (मिडी केबल लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीच्या) 'इन'ऐवजी 'आउट'मध्ये खोचलेली पाच पिनांची केबल हे नेहमीचे अपराधी आहेत. विंडोजवर तेच उपकरण दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये लावल्यास ते नवे उपकरण म्हणून नोंदले जाऊ शकते आणि जुनी जोडणी निकामी होते. म्हणून प्रत्येक पोर्टवर चिकटपट्टी लावून उपकरणाचे नाव लिहून ठेवावे.

दिवा लागतो पण आवाज येत नाही, ही अवस्था अधिक फसवी असते. लाइव्हच्या मिडी सेटिंगमध्ये त्या इनपुटसमोरचा 'ट्रॅक' पर्याय चालू आहे का आणि ट्रॅकचे (एका वाद्याच्या मार्गिकेचे) मॉनिटर, म्हणजे येणारे संदेश वाद्यापर्यंत सोडण्याचा पर्याय, 'इन'वर आहे का, हे आधी पाहावे. 'ऑटो'वर असेल तर ट्रॅक 'आर्म' (ध्वनिमुद्रणासाठी सज्ज) केल्याशिवाय वाद्य वाजत नाही. त्यानंतर चॅनल पाहावे. एका पोर्टवर १६ चॅनल असतात. की-बोर्ड बहुधा पहिल्यावर आणि तालवाद्ये प्रथेने दहाव्यावर संदेश पाठवतात. लाइव्हमध्ये नवा ट्रॅक सर्व इनपुट आणि सर्व चॅनल ऐकतो, त्यामुळे ढोलकीच्या ठोक्याबरोबर पियानोही वाजू लागल्यास प्रत्येक ट्रॅकला त्याचे पोर्ट आणि चॅनल नेमून द्यावे. एखादीच पट्टी मुकी असेल, तर ती चुकून एखाद्या बटणाच्या नियंत्रणाला 'मॅप' झालेली असण्याची शक्यता असते, कारण अशी पट्टी ट्रॅकपर्यंत पोहोचत नाही. सगळे बरोबर दिसूनही शांतताच असेल, तर की-बोर्डने नियंत्रक क्रमांक ७ वर, म्हणजे व्हॉल्यूमवर, शून्य पाठवले आहे का ते 'मिडी मॉनिटर' किंवा 'मिडी-ऑक्स'मध्ये शोधावे.

ऑक्टापॅडवर भलताच ध्वनिनमुना (सॅम्पल) वाजत असेल, तर स्वराच्या नावावर विसंबू नये. ६० क्रमांकाच्या स्वराला ऑक्टापॅड बनवणारी रोलँड कंपनी 'सी ४' म्हणते, तर लाइव्ह 'सी ३'. जुळवायचा तो क्रमांक. तसेच पॅच (वाद्यातला निवडलेला आवाज) बदलण्याचे क्रमांक काही यंत्रे ० पासून, तर काही १ पासून मोजतात, त्यामुळे एक घर पुढचा-मागचा आवाज येतो.

प्रेक्षकांसमोर सर्वांत लाजिरवाणा ठरतो तो अडकलेला स्वर. पट्टी दाबलेली असतानाच पॅच किंवा चॅनल बदलले, की स्वर थांबवणारा संदेश नव्या वाद्याकडे जातो आणि जुने वाद्य वाजतच राहते. यासाठी एका बटणावर सर्व १६ चॅनलना सस्टेन (पट्टी सोडल्यावरही स्वर लांबवणारे पेडल) शून्य करणारा नियंत्रक क्रमांक ६४, सर्व स्वर सोडणारा १२३ आणि सर्व आवाज तोडणारा १२० असे तिन्ही संदेश बसवावेत. नुसत्या १२३ ने सस्टेन दाबलेले स्वर सुटतीलच असे नाही, आणि काही सॉफ्टवेअर वाद्ये यांपैकी एखाद्या संदेशाकडे दुर्लक्ष करतात, म्हणून तालमीतच चाचणी घ्यावी. सस्टेन उलटा चालत असेल, तर पेडलवर पाय न ठेवता की-बोर्ड बंद करून पुन्हा चालू करावा, कारण अनेक की-बोर्ड पेडलची दिशा सुरू होतानाच ओळखतात.

एकच स्वर दुहेरी ऐकू येत असेल, तर की-बोर्डचा स्वतःचा आवाजही वाजत असतो. 'लोकल कंट्रोल' बंद केल्यास पट्ट्या केवळ मिडी पाठवतात. तरीही दुहेरीपणा राहिला किंवा स्वर भरभर पुन्हा पुन्हा वाजू लागले, तर लॅपटॉपमधून बाहेर गेलेला संदेश की-बोर्डमार्गे परत येत असावा. त्या पोर्टचे आउटपुट लाइव्हमध्ये बंद करावे. ज्या यंत्राला लॅपटॉपकडून काहीही ऐकायचे नाही, त्याचे आउटपुट मुळातच चालू ठेवू नये, असे माझे मत आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी आधी उपकरणे जोडून चालू करावीत, मग सॉफ्टवेअर उघडावे, आणि ध्वनिचाचणीत प्रत्येक पॅचवर प्रत्येक की-बोर्डची किमान एक पट्टी, पेडल आणि ऑक्टापॅडचे सर्व पॅड वाजवून पाहावेत.