बेंच ग्राइंडरचा नवा दगड चढवण्याआधी तो वाजवून पाहा

ग्राइंडरचा दगड फुटतो तो बहुतेकदा आतल्या बारीक तड्यामुळे, आणि तो तडा डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून कोरडा, स्वच्छ दगड भोकात बोट घालून लटकता धरा. स्क्रू ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने कडेपासून ३ ते ५ सेंमी आत, उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर हलकेच ठोका. मग दगड ४५ अंश फिरवून पुन्हा ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर तो वापरू नका, फोडून टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलून लावणार नाही. (रेझिनने, म्हणजे राळेसारख्या चिकट पदार्थाने बांधलेला दगड मुळातच कमी खणखणतो.)

दगडावर छापलेला कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्तच हवा. फ्लँजखालचे (दगड दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या चकत्यांखालचे) कागदी वॉशर काढू नका, दाब सगळीकडे सारखा त्यांच्यामुळेच पडतो. दगडाचं भोक मशीनच्या दांड्यावर घट्ट बसत असेल तर ठोकून बसवू नका.

टूल रेस्ट (वस्तू टेकवायची पट्टी) आणि दगड यांत जास्तीत जास्त ३ मिमी फट ठेवा, वरच्या जिभेपाशी (दगडाच्या झाकणाच्या सरकत्या पट्टीपाशी) ६ मिमी. दगड झिजतो तशी फट वाढते आणि जॉब (घासायची वस्तू) त्यात खेचला जातो, सोबत बोटंही. फट मशीन बंद करूनच जुळवा.

चालू केल्यावर मिनिटभर बाजूला उभे राहा, समोर नाही. चष्मा हवाच. हातमोजे मात्र काढा, ते दगडात अडकतात.