अंधार, भिंती आणि दारं: व्हर्च्युअल टेबलटॉपच्या नव्या सोयी खेळात कशा आणाव्यात

व्हर्च्युअल टेबलटॉपची (म्हणजे रोलप्लेइंग खेळ संगणकावर मांडायच्या प्रोग्रॅमची) नवी आवृत्ती आली की गेम मास्टरचे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचे, हात शिवशिवायला लागतात. हलता प्रकाश, सावल्या, आपोआप चालणारे सापळे, पाऊस, धुकं… सगळं एकाच रात्री चालू करायचं आणि दुसऱ्या दिवशी सेशनचा पहिला अर्धा तास "मला नुसतं काळं दिसतंय" हे ऐकत बसायचं. हा प्रकार मी एकदा नाही, तीनदा केलाय. म्हणून इथे सोयींची जंत्री देत नाही. एकच छोटा सीन, म्हणजे एक नकाशा आणि त्यावरचं सगळं, घेऊ आणि त्यात या गोष्टी कोणत्या क्रमाने बसवायच्या ते पाहू. सीन साधा आहे: एक तळघर, दोन खोल्या, मधे बोळ, एक गुप्त दार आणि खालच्या मजल्याकडे जाणारा जिना.

या क्षेत्रात नवे असाल तर एवढं पुरे. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं रंगवत खेळायचा खेळ 1974 साली आला आणि बरीच वर्षं टेबलावर कागदाचा नकाशा मांडून खेळला गेला. तेच टेबल संगणकावर आणणारं फँटसी ग्राउंड्स 2004 चं, ब्राउझरमध्ये चालणारं रोल20 2012 चं आणि फाउंड्री 2020 चं. रोल20 वर खातं उघडलं की झालं, सगळं त्यांच्या सर्व्हरवर असतं. फाउंड्रीत गेम मास्टर एकदाच लायसन्स विकत घेतो, प्रोग्रॅम स्वतःच्या संगणकावर किंवा भाड्याच्या सर्व्हरवर चालवतो आणि खेळाडू फक्त ब्राउझर उघडतात. बटणांची नावं वेगळी असली तरी डोकं सगळीकडे तेच चालवायचं आहे.

पायरी 1: आधी कॉपी, मग अपडेट

फाउंड्रीत एखादं वर्ल्ड (म्हणजे तुमचा अख्खा खेळ) नव्या आवृत्तीत एकदा उघडलं की ते जुन्या आवृत्तीत परत नेता येत नाही. त्यामुळे अपडेटच्या आधी वर्ल्डचं अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. रोल20 वर खेळाची कॉपी काढायची सोय आहे, प्रयोग त्या कॉपीवर करा. आणि सेशनच्या दिवशी अपडेटच्या बटणाला हात लावू नका. जोडलेली मॉड्यूल्स (वरून जोडायच्या जादा सोयी) नव्या आवृत्तीला तयार आहेत की नाहीत हे तपासायला तेव्हा वेळ नसतो.

पायरी 2: ग्रिड (चौकोनांची जाळी) नकाशावर बसवा

पुढचं सगळं यावर उभं आहे, म्हणून दहा मिनिटं इथे घालवा. नकाशाच्या चित्राची रुंदी पिक्सेलमध्ये बघा आणि आडव्या चौकोनांच्या संख्येने भागा. 2800 पिक्सेल आणि 40 चौकोन असतील तर एक चौकोन 70 पिक्सेलचा. रोल20 चा नेहमीचा चौकोन हाच, फाउंड्रीचा 100 चा. भागाकार 70.4 असा तुटक आला आणि तुम्ही 70 च भरलात, तर डावीकडे सगळं नीट दिसेल आणि उजव्या टोकाला ग्रिड 16 पिक्सेलने सरकलेली असेल. म्हणजे तिथलं टोकन (पात्राची सोंगटी) जवळजवळ पाव चौकोन भिंतीत शिरणार. अशा वेळी ग्रिड ताणण्यापेक्षा चित्राचा आकार बदलून नेमका 2800 करा.

चौकोनाचं माप डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये 5 फूट असतं, ते सीनच्या सेटिंगमध्ये लिहिलेलं आहे ना, ते बघा. चित्र वेबपी प्रकारात ठेवलं तर फाइल बरीच हलकी होते आणि कमी वेगाच्या इंटरनेटवरचा खेळाडू नकाशा येण्याची वाट बघत बसत नाही.

पायरी 3: भिंती, आणि फटी

माशी शिंकते ती इथेच. चित्रातली भिंत म्हणजे नुसता रंग असतो, प्रोग्रॅमला ती दिसत नाही. तुम्ही तिच्यावर रेषा ओढता, आणि त्या रेषेमुळे नजर, प्रकाश आणि टोकनची चाल अडते.

रेषा दगडाच्या अगदी आतल्या कडेवर ओढू नका, तिथून थोडी दगडात सरकवा. कडेवर ओढली की खेळाडूला फक्त फरशी दिसते आणि खोली काळ्या पोकळीत तरंगत असल्यासारखी वाटते. थोडी आत घेतली की भिंतीचा दर्शनी भाग दिसतो आणि खोलीला खोलीपण येतं.

कोपऱ्यात दोन रेषा जिथे भेटतात तिथे त्यांची टोकं खरोखर जुळायला हवीत. एका खेळात माझी एक रेषा केसभर अलीकडे थांबली होती. मला स्क्रीनवर काही कळलं नाही. पण शेजारच्या खोलीत दबा धरून बसलेल्या चार गॉब्लिन्सच्या मशालीचा उजेड त्या फटीतून बोळात आला, एखाद्या सुरीसारखी लांब पिवळी रेघ. धनुर्धारी खेळाडूने टोकन त्या रेघेत नेलं, पलीकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "मी इथूनच बाण मारू का?" दोन आठवडे रचलेला घात तिथेच संपला. तेव्हापासून मी सुट्या रेषा ओढत नाही. फाउंड्रीत कंट्रोल बटण दाबून ठेवलं की पहिली रेषा संपते तिथूनच दुसरी सुरू होते आणि अशी सलग साखळी ओढली की फट राहत नाही.

सगळ्या भिंती सारख्या नसतात, आणि खरी मजा त्यात आहे. खिडकीतून दिसतं पण जाता येत नाही. पडद्यातून जाता येतं पण दिसत नाही. खांब किंवा मोठी शिळा असेल तर शिळा दिसली पाहिजे, तिच्यामागचं नाही. यासाठी फाउंड्रीत टेरेन नावाची भिंत आहे: नजर पहिली रेषा ओलांडते आणि दुसरीला अडते. शिळेभोवती तिचा घेर काढला की झालं. गुहेच्या वेड्यावाकड्या कडा मात्र गिरवत बसू नका. अर्ध्या चौकोनाला एक रेषा पुरते. प्रत्येक जास्तीच्या रेषेची सावली खेळाडूंच्या संगणकाला मोजावी लागते आणि जुना लॅपटॉप मग धापा टाकतो.

पायरी 4: दारं

दाराच्या जागी भिंतीऐवजी दाराची रेषा ठेवा. खेळाडू दारावर क्लिक करतो, दार उघडतं आणि पलीकडची खोली त्याच क्षणी उजळते. व्हर्च्युअल टेबलटॉपने दिलेला हा सगळ्यात चांगला क्षण आहे असं माझं मत आहे, कागदाच्या नकाशावर तो कधी जमला नाही. फाउंड्रीत गेम मास्टरने दारावर राइट क्लिक केलं की कुलूप लागतं. गुप्त दाराचं चिन्ह फक्त गेम मास्टरला दिसतं, बाकीच्यांना ती नुसती भिंत असते.

पायरी 5: उजेड आणि नजर

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. "काहीच दिसत नाही" या तक्रारींतल्या बऱ्याचशा यांची गल्लत झाल्याने येतात. उजेड सीनमध्ये असतो, नजर टोकनची असते. टोकनला नजर दिली पण सीनमध्ये उजेड नाही, तर काळं दिसणार. उजेड भरपूर आहे पण टोकनची नजर बंद आहे, तरी काळंच. आणि टोकन त्या खेळाडूच्या नावावर केलेलंच नसेल, तर पुन्हा काळं. तक्रार आली की याच तीन गोष्टी तपासा.

मशालीचं उदाहरण घ्या. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत मशाल 20 फुटांपर्यंत लख्ख उजेड देते आणि त्यापुढे आणखी 20 फूट अंधूक. अंधूक उजेडाच्या रकान्यात 20 भरायचे की 40? काही ठिकाणी तो आकडा टोकनच्या मध्यापासून मोजतात, मग 40. फाउंड्रीत तसंच आहे. दुसरीकडे तो लख्ख उजेड संपतो तिथून पुढे मोजला जात असेल, तर 20. शंका असेल तर आकडा भरा, मोजपट्टीने मध्यापासून काठापर्यंत मोजा, 40 फूट आले की सोडून द्या.

डार्कव्हिजन असलेल्या पात्रांना सहसा 60 फुटांपर्यंत अंधारात अंधूक दिसतं, तेही राखाडी छटांमध्ये, रंग नाहीत. फाउंड्रीच्या 2022 मधल्या दहाव्या आवृत्तीपासून हे नजरेच्या प्रकारांतून थेट निवडता येतं, त्या खेळाडूची स्क्रीन खरोखर राखाडी होते. मग "दारावरचा डाग रक्ताचा आहे की गंजाचा?" हे कळायला कोणाला तरी मशाल पेटवावीच लागते. ही गंमत वाया घालवू नका.

पायरी 6: खेळाडू होऊन फिरा

गेम मास्टरला सगळं दिसतं, म्हणून चुका दिसत नाहीत. ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, एका कोऱ्या खेळाडूच्या नावाने आत या आणि टोकन दारापासून शेवटच्या खोलीपर्यंत चालवत न्या. भिंतीजवळून, कोपऱ्याकोपऱ्यातून. गुप्त दारासमोर थांबा. घाईत असाल तर रोल20 वर टोकन निवडून कंट्रोल आणि एल दाबलं की त्याच्या नजरेतलं चित्र दिसतं, फाउंड्रीत टोकन निवडणंच पुरतं. पण पूर्ण फेरीची सर त्याला नाही. नको त्या टोकनची मालकी नको त्या खेळाडूकडे गेली असेल, तर ते फेरीतच उघडकीला येतं.

पायरी 7: आपोआप घडणाऱ्या गोष्टी, जपून

फाउंड्रीच्या बाराव्या आवृत्तीत, 2024 साली, सीन रीजन आले. नकाशावर एक आकार काढायचा आणि टोकन त्यात शिरलं की काय घडावं ते सांगायचं. आपल्या तळघरातल्या जिन्यासाठी असं करा: वरच्या मजल्यावर जिन्याच्या पायऱ्यांभोवती एक रीजन काढा, खालच्या मजल्याच्या सीनमध्ये जिना संपतो तिथे दुसरा. पहिल्याला टोकन दुसरीकडे नेण्याचं वर्तन जोडा आणि मुक्काम म्हणून दुसरा रीजन द्या. परतीसाठी उलट जोडणी दुसऱ्यात करायची. "आधी विचार" हा पर्याय चालू ठेवा, नाहीतर जिन्याजवळून नुसता जाणारा खेळाडूही खाली जाऊन पडतो.

याच रीजनने खेळ आपोआप थांबवता येतो, खोलीतला अंधार कमीजास्त करता येतो. सापळेही बसवता येतात, पण मी ते बसवत नाही. सापळा हाताने उडवला तर खेळाडू "थांब, मी आधी काठीने चाचपतो" म्हणू शकतो. यंत्र ते ऐकत नाही.

फाशांबद्दल एकच. सगळ्यांसमोर, आणि फक्त टाकणाऱ्याला व गेम मास्टरला दिसेल असा, हे दोन प्रकार सगळेच वापरतात. फाउंड्रीतला तिसरा, आंधळा फासा, विसरला जातो: खेळाडू टाकतो पण आकडा त्यालाही दिसत नाही. गुप्त दार शोधताना हाच वापरा. 3 पडल्याचं दिसलं की "अजून एकदा शोधतो" म्हणणारा एकजण प्रत्येक टेबलावर असतो.

सेशनच्या दिवशी

खेळाडूंना पंधरा मिनिटं आधी आत यायला सांगा. कोणाचा नकाशा अडखळत असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे का ते बघायला सांगा, नसेल तर चालू करून ब्राउझर पुन्हा उघडायचा. तेवढ्याने भागलं नाही तर त्याच्यासाठी पाऊसधुकं बंद करा.

आणि ऐन लढाईत प्रकाशाने दगा दिलाच, तर भिंती तपासत बसू नका. रोल20 मध्ये डेलाइट मोड, फाउंड्रीत ग्लोबल इल्युमिनेशन, एक खूण केली की अंधार जातो आणि भिंती तशाच राहतात. "छताला भगदाड पडलं, वरून ऊन आलं" असं काहीतरी सांगा आणि पुढच्याला विचारा, तुझी पाळी, काय करतोस?