पत्र्याला फुटणारा घाम: माळा कोरडा कसा ठेवायचा

2017 च्या जानेवारीत माळ्यावरच्या बियाण्याच्या कणगीत हात घातला आणि वरचं चार बोटं भात ओलं लागलं. काही दाण्यांना पांढरे मोड आले होते. पाऊस जाऊन तीन महिने उलटले होते.

आमचं घर कणकवली तालुक्यात. वानर दरवर्षी कौलं फोडायचे आणि आम्ही दर मे महिन्यात बदलायचो. शेवटी 2016 च्या उन्हाळ्यात कौलं उतरवून पत्रे घातले. माळा ओला दिसल्यावर पत्रा गळतोय असंच वाटलं. काम करणाऱ्याला बोलावलं, त्याने वरून प्रत्येक स्क्रूवर डांबर फासलं, पैसे घेतले. आठवड्याने पुन्हा तेच. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पाऊस नाय तर गळतला खयसून? पत्र्याक घाम फुटता तो."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी बॅटरी घेऊन वर चढले. प्रत्येक स्क्रूच्या टोकाला एकेक थेंब लोंबत होता. पत्र्याला बोट लावलं तर फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखा गार आणि ओला. थेंब उतारावरून घरंगळत पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या लोखंडी पाइपापर्यंत यायचे, तिथे अडायचे आणि खाली पडायचे. जमिनीवर ओल्या ठिपक्यांची सरळ रांग होती, बरोबर पाइपाखाली.

तुमच्याकडेही असं होत असेल तर आधी खात्री करा. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, सकाळी आंब्याच्या मोहोरावर दहिवर, अशाच दिवशी ओल दिसते का? मग तो घाम. पावसाच्या सरीबरोबर एकाच जागी ओल येत असेल तर ती गळती. तरीही शंका राहिली तर स्वयंपाकघरातल्या फॉइलचा वीतभर तुकडा पत्रा कोरडा असताना आतून सपाट चिकटवा, चारही कडा टेपने बंद करा. पहाटे फॉइलच्या खालच्या अंगाला पाणी दिसलं तर ते माळ्यावरच्या हवेतलं. फॉइल आणि पत्रा यांच्या मध्ये पाणी साचलं तर ते वरून येतंय.

कारण समजून घेतलं की उपाय आपोआप सुचतात. 25 अंशाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त 23 ग्रॅम वाफ धरून ठेवते, 15 अंशाची साधारण 13 ग्रॅमच. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. घरातली उबदार, ओलसर हवा वर जाऊन त्याला टेकली की न पेलणारी वाफ पाणी होऊन बाहेर पडते. कौलंसुद्धा गार व्हायची, पण भाजलेली माती थोडं पाणी पिऊन घेते आणि कौलांच्या फटींतून हवा सतत खेळते. पत्र्याला दोन्ही येत नाही.

पहिलं काम खाली, स्वयंपाकघरात आणि न्हाणीत. माझं सगळ्यांना हेच सांगणं आहे, कारण लोक थेट महागडं आच्छादन लावायला जातात. गॅस जळताना पाणी तयार होतं, हे मला माहीत नव्हतं. 14.2 किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे 22 लिटर पाणी वाफ होऊन घरात येतं. भाताची, आमटीची वाफ वेगळी. आमच्या माळ्याची जमीन फळ्यांची, त्यांतल्या फटींतून ही सगळी वाफ वर जायची. आम्ही चुलीवरची आणि न्हाणीवरची फळ्यांची फट न फट बुजवली, माळ्याच्या झाकणाला रबरी पट्टी लावली. स्वयंपाकघरातला पंखा भिंतीतून थेट बाहेर काढला. (एका नातेवाइकांकडे पंख्याचा पाइप माळ्यातच सोडलेला पाहिला. असं कधीही करू नका.) भात उकडायचा हंडा आता परसात लागतो. माळ्यावर ओले कपडे, ओली लाकडं, नीट न वाळलेल्या सुपाऱ्या ठेवणं बंद केलं. एवढ्यानेच पुढच्या थंडीत थेंब निम्म्याहून कमी झाले.

मग हवेची वाट. हवा वळचणीकडून आत यावी आणि आढ्याजवळून बाहेर जावी. पाखरं, साप येऊ नयेत म्हणून कारागिरांनी आमच्या आढ्याखालची फट सिमेंटने बंद केली होती. ती फोडून तिथे बारीक जाळी बसवली. एकूण उघडी जागा माळ्याच्या क्षेत्रफळाच्या 1/150 असावी असा ढोबळ हिशेब आहे. आमचा माळा 600 चौरस फूट, म्हणजे 4 चौरस फूट, निम्मी खाली, निम्मी वर. जाळी थोडी हवा अडवते, म्हणून भोक जरा मोठंच ठेवा. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. त्यामुळे त्रिकोणी भिंतीतली झडपांची खिडकी आम्ही पूर्वेला काढली.

दहिवर जबरदस्त असेल तेव्हा बाहेरची हवाच ओली असते, नुसत्या खिडक्या पुरत नाहीत. अशा वेळी ओली हवा पत्र्यापर्यंत पोचूच द्यायची नाही. आम्ही 10 मिलिमीटरचा फॉइल लावलेला फोम आतून चिकटवला, फॉइल खाली माळ्याकडे. दुकानात एक्सएलपीई म्हणून मागा. मात्र त्याआधी एक पावसाळा पत्रा नीट बघा, फाटलेले रबरी वॉशर बदला, कारण फोमच्या मागे लपलेली गळती दोन-दोन वर्षं कळत नाही. काम एप्रिलमध्ये करा, पत्रा पुसून कोरडा करून, सकाळी नऊच्या सुमारास. दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. प्रत्येक सांध्यावर ॲल्युमिनियमची टेप हवीच. फट राहिली की हवा मागे शिरते, तिथेच पाणी धरते आणि पत्रा न दिसता गंजतो. नवीन पत्रे घालणार असाल तर आतून पाणी शोषणारा थर लावलेले पत्रे मिळतात, तेच घ्या. नुसतं फॉल्स सीलिंग मारून ओल झाकू नका.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना भोकं पाडू नका, ते खरवडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांत जाते. ओल्या माळ्यावर चढण्याआधी मेन स्विच बंद करा. वाशांना जागोजागी स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय, सुताराला बोलवा.

आता कणगी भिंतीपासून हातभर लांब, विटांवर ठेवलेल्या फळीवर असते. गणपतीची माटवी (मूर्तीच्या वर टांगायची लाकडी चौकट) जुन्या सुती चादरीत गुंडाळलेली, प्लॅस्टिकमध्ये नाही, कारण प्लॅस्टिकच्या आतही घाम धरतो. गेल्या जानेवारीत न्हाणीवरच्या कोपऱ्यात तेवढे चार थेंब दिसले. तिथली टेप सुटली होती. उन्हं वर येईपर्यंत थांबले, कोरड्या फडक्याने पुसलं आणि नवी पट्टी अंगठ्याने दाबून बसवली.