बाळ वाढलं, पट्टे मात्र तिथेच?
गाडीत बाळाची कार सीट एकदा बसवली की आपण तिच्याकडे वळून बघत नाही. बाळ मात्र वाढतच असतं. बाळाचं तोंड मागच्या काचेकडे असेल, तर खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीतून किंवा किंचित खालून यायला हवेत. पुढे तोंड केलं की पातळीतून किंवा किंचित वरून. खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघा. घडी पडून चिमटीत आला तर सैल आहे. जाड स्वेटर आधी काढा, हवं तर पट्ट्यांवरून शाल पांघरा. पाय दुमडतात म्हणून सीट फिरवायची घाई नको, मुलं मांडी घालून मजेत बसतात! सीटवर लिहिलेली वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागेच तोंड ठेवा. समोर एअरबॅग चालू असेल, तर पुढच्या सीटवर अशी उलटी सीट कधीच लावू नका.