नोकरी सोडताना आधी सिम सोडवा, मग मन

वीस-पंचवीस वर्षांची नोकरी सुटायची वेळ आली की सगळ्यांचं लक्ष निरोप समारंभाकडे. शाल-श्रीफळ होईलच. त्याआधी बघा, बँक, आधार आणि पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) कंपनीच्या सिमला जोडलेले नाहीत ना? असतील तर राजीनाम्याआधीच स्वतःचा नंबर लावून घ्या. सिम परत गेलं की ओटीपी दुसऱ्याच्या हातात. ग्रॅच्युइटीचा ढोबळ हिशोबही घरीच करून ठेवा: शेवटचा महिन्याचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षं.

मन सोडवणं जास्त चिवट काम. जीव अडकतो तो बहुधा ‘माझ्याशिवाय यांचं कसं होणार’ यात. त्यावर मला एकच इलाज पटतो: डोक्यातलं सगळं वहीत उतरवा. कुठला पुरवठादार कधी बिथरतो, मार्चअखेर कुठली फाइल हमखास अडते, कपाटाची किल्ली कुठे जरा दाबून फिरवावी लागते, सगळं. वही तुमच्या जागी येणाऱ्याच्या हातात द्या. शंका विचारायला त्याला महिनाभराची मुभा द्या, तीही संध्याकाळीच. मग ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडा. जिवाभावाच्या माणसांना फोन करता येतोच. नव्या साहेबाचे निर्णय वाचून घरी बसून कुढण्यात काय हशील?

कॅन्टीनवाले काका आणि वॉचमन यांना समारंभाच्या गर्दीत नको, आदल्या दिवशी निवांत भेटा. आणि पहिल्या सोमवारी सकाळी बाहेरचं काहीतरी काम काढा, अगदी पासबुक भरून आणायचं असलं तरी चालेल.