जुन्या घराच्या चुन्याच्या भिंती: बाहेरची दुरुस्ती आणि रंगकाम

ठाण्यातल्या नौपाडा, टेंभी नाका, खारकर आळी, चेंदणी कोळीवाडा अशा भागांत अजून तग धरून असलेल्या जुन्या घराला बाहेरून रंग द्यायचे ठरले की पहिली चौकशी कंपनीची आणि छटांची होते. वास्तविक अशा घरात रंग ही सर्वांत शेवटची बाब आहे. भिंत कशाची आहे, तिच्यात पाणी कुठून शिरते आणि शिरलेले पाणी बाहेर कसे पडते, एवढे समजल्याशिवाय रंगाऱ्याला बोलावू नये. नाहीतर महागातला रंगही दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे धरतो आणि दोष मात्र रंगाच्या माथी जातो. घर महापालिकेच्या वारसा यादीत असल्यास बाहेरचे रूप बदलणाऱ्या कामाला आधी परवानगी घ्यावी, हेही सुरुवातीलाच पाहून ठेवावे.

भिंत कशाची आहे?

पोरबंदरचा सिमेंट कारखाना १९१४ साली सुरू झाला. त्याआधी बांधलेले घर चुन्यातले आहे असे धरून चालायला हरकत नाही, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांतल्या घरांतही चुना सापडण्याचा संभव बराच असतो. छपरावरची मंगलोरी कौले वयाचा थोडाफार अंदाज देतात. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ साली काढला आणि पुढे अनेक कारखाने आपले नाव कौलावर उमटवू लागले. पण कौले मागाहून बदललेली असू शकतात, म्हणून खात्री भिंतीवरच करावी. सहज नजरेस न पडणाऱ्या कोपऱ्यात गिलावा खिळ्याने खरवडावा. चुन्याचा गिलावा पांढुरका किंवा सुर्खीमुळे (भाजलेल्या विटांच्या भुकटीमुळे) गुलाबीसर दिसतो, त्यात चुन्याचे न विरलेले पांढरे खडे आढळतात आणि खिळ्याला तो सहज दाद देतो. सिमेंट राखाडी असते आणि खिळा त्यावरून घसरतो. त्यानंतर भिंतीवर पाण्याचे चार थेंब टाकावेत. ते लगेच शोषले गेले तर वर सफेदी, म्हणजे पातळ चुन्याचा हात आहे, ओघळून खाली आले तर प्लास्टिक रंगाचा थर आहे.

हा भेद महत्त्वाचा असण्याचे कारण भिंतीच्या बांधणीत आहे. दीड फूट जाडीच्या, चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंतीला ओलावा रोखणारा थर मुळातच नसतो. पावसाळ्यात ती पाणी पिते आणि कोरड्या महिन्यांत चुन्याच्या सूक्ष्म छिद्रांतून ते बाहेर सोडते, एवढ्याच हिशेबावर ती शंभर वर्षे उभी राहिलेली असते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा वॉटरप्रूफ रंगाचे कवच चढवले की आत येणारे पाणी थांबत नाही. बारीक तडे, खिडकीच्या चौकटी आणि जमीन या वाटांनी ते येतच राहते, बाहेर पडणे मात्र बंद होते. असा सिमेंटचा गिलावा काढताना जे दिसते ते एकदा पाहण्यासारखे असते: राखाडी कवच टणक, सरळ आणि अखंड, आणि त्यामागची वीट बोट लावताच लाल भुकटी होऊन खाली सांडते. खाडीच्या बाजूच्या वस्तीत हे अधिक लवकर घडते, कारण ओलाव्याबरोबर क्षारही भिंतीत चढतात आणि पाणी सुकताना कवचामागेच त्यांचे स्फटिक होऊन वीट फोडतात.

आधी पाणी

ठाण्यात वर्षाला सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतांशी नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंती सर्वाधिक भिजतात. पाहणीसाठी भर पावसासारखी वेळ नाही. छत्री घेऊन घराला एक फेरी मारावी आणि पाणी कुठून कुठे जाते ते नुसते पाहावे. फुटलेले कौल, मध्येच तुंबलेली पन्हळ, सांध्यातून गळणारा पावसाच्या पाण्याचा पाइप, खिडकीवरच्या छज्जाचा उलटा झालेला उतार, वातानुकूलन यंत्राची भिंतीवरच सोडलेली नळी: भिंतीवरच्या शेवाळाच्या हिरव्या-काळ्या पट्ट्यांचा माग काढत वर गेले की यांपैकी काहीतरी हमखास सापडते.

जोत्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही, आणि ठाण्यातल्या जुन्या घरांचे खरे दुखणे तिथेच आहे. रस्त्यावर थरावर थर चढत गेले, अंगणात काँक्रीट झाले, पेव्हर ब्लॉक बसले आणि एकेकाळी दोन पायऱ्या वर असलेले काळ्या दगडाचे जोते जमिनीच्या पातळीला आले. आता रस्त्याचे पाणी थेट विटांना लागते. जमेल तिथे भिंतीलगतचे काँक्रीट फूटभर रुंदीने कापून काढावे, माती जोत्याच्या खालपर्यंत उतरवावी आणि त्या चरात खडी भरून चराला गटाराकडे उतार द्यावा. ओल झाकण्यासाठी भिंतीच्या तळाला चकचकीत टाइल्स लावण्याची पद्धत सर्वत्र दिसते, पण त्याने ओल जात नाही; टाइल्सच्या वरच्या कडेपर्यंत ती चढते आणि तीन फुटांवर नवा पट्टा उमटतो. अशा टाइल्स काढून टाकाव्यात हेच माझे मत आहे, मग त्या कितीही नव्या असोत.

भिंतीतून उगवलेली पिंपळाची, वडाची किंवा उंबराची रोपे उपटू नयेत, कारण मुळांबरोबर विटाही बाहेर येतात. रोप भिंतीलगत कापावे, ताज्या बुंध्याला तणनाशक लावावे आणि मूळ पूर्ण मेल्यावर पोकळी चुन्याने भरावी. तडा आढळल्यास त्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तारीख लिहून ठेवावी. काही महिन्यांत काच तडकली तर भिंत हलते आहे असा त्याचा अर्थ होतो आणि तो प्रश्न गवंड्याचा नसून स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे.

साफसफाई आणि जुने थर

शेवाळ नरम ब्रशने आणि साध्या पाण्याने काढावे. जोरदार फवाऱ्याचे यंत्र सांध्यांतला चुना उडवते. आम्लाने भिंत धुण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच ऐकू नये, कारण आम्ल चुन्याला विरघळवते आणि मागे क्षार सोडते. लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर फुटलेला क्षार, धरलेल्या भागावरची पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडून गोळा करावी. पाण्याने धुतल्यास ती पुन्हा भिंतीत मुरते. लोणा जुना आणि दाट असेल तर मुलतानी माती आणि कागदाचा लगदा स्वच्छ पाण्यात कालवून त्याचा बोटभर जाडीचा लेप द्यावा, तो पूर्ण सुकला की अलगद काढून फेकावा आणि गरजेनुसार पुन्हा द्यावा. काही क्षार लेपात ओढले जातात.

प्लास्टिक रंगाचे सुटलेले पोपडे खरवणीने निघतात. घट्ट बसलेल्या थरासाठी रंग काढण्याचे द्रावण आधी हातभर जागेवर वापरून पाहावे. ग्राइंडर किंवा वाळूचा मारा नको. जुन्या ऑइलपेंटच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या खिडक्या-दारांच्या थरांत शिसे असू शकते. असे थर कोरडे घासू नयेत, ओले करून खरवडावेत, मास्क वापरावा, खाली प्लास्टिक अंथरावे आणि मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नये.

परांची दुहेरी, खांबांच्या दोन रांगांवर बांधून घ्यावी, म्हणजे आडवे वासे रोवण्यासाठी जुन्या भिंतीला भोके पाडावी लागत नाहीत. कंत्राटदार याला जास्त पैसे सांगतो आणि ते रास्त आहेत.

गिलावा आणि सांध्यांच्या दर्जा

सगळा गिलावा झोडपून काढण्याची गरज क्वचितच पडते. लाकडी मुठीने भिंत ठोकत जावे. जिथे पोकळ आवाज येतो तेवढाच भाग खडूने आखून काढावा. दगडी किंवा विटांच्या उघड्या बांधकामात भुसभुशीत झालेल्या दर्जा (सांध्यांतले चुन्याचे भराव) सांध्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंत हाताने कोरून, पाणी मारून, पुन्हा चुन्यानेच भराव्यात.

चुना जितका मुरलेला तितका चांगला. कळीचा, म्हणजे भाजलेला पण न विरवलेला चुना विरवायचा असल्यास लोखंडी पिंपात आधी पाणी घ्यावे आणि त्यात चुना थोडाथोडा सोडावा, उलट कधीही करू नये. पाणी उकळून उडते आणि डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते, म्हणून चष्मा आणि हातमोजे आवश्यक आहेत. विरलेला चुना गाळून पाण्याखाली किमान काही आठवडे ठेवावा. दुकानातल्या पिशवीतली चुन्याची भुकटीही चालते, पण ती ताजी असावी आणि निदान एक दिवस भिजवावी. वर्षभर उघडी पडलेली पिशवी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने आधीच निकामी झालेली असते.

सुरुवातीला १ भाग चुना, १ भाग सुर्खी आणि २ भाग धुतलेली, खरखरीत रेती या प्रमाणाचा नमुना हातभर जागेवर लावून पाहावा. तडे गेले तर रेती वाढवावी. सुर्खीमुळे मिश्रण दमट हवेतही आवळते, म्हणून इकडे तिला पर्याय नाही. खाडीची रेती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा यांचे पाणी घालण्याची जुनी रीत आहे. ती जाणणारा गवंडी भेटला तर त्याच्या हातावर विश्वास ठेवावा, न भेटल्यास नुसत्या ऐकीव माहितीवर गूळ ओतू नये. भिंत भरपूर भिजवून १० ते १२ मिलिमीटरचा एक थर द्यावा, तो आवळल्यावर दुसरा, आणि प्रत्येक थरावर ओले गोणपाट सोडून काही दिवस ओलावा राखावा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो आणि त्याला ओलावा लागतो. उन्हात झटपट वाळलेला गिलावा बोटाने झडतो.

सफेदी

दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर रंग झालाच पाहिजे हा आग्रह या कामाला मानवत नाही. परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्ये संपतो तेव्हा भिंत आतून ओलीच असते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत काम करावे, म्हणजे पावसापूर्वी चुन्याला पक्के व्हायला तीन महिने तरी मिळतात.

मुरलेला चुना पाण्यात कालवून दुधाइतका पातळ करावा आणि दुहेरी कापडातून गाळावा. रंगछटा हवी असल्यास गेरू, पिवडी किंवा हिरमिजी यांसारखी रंगीत मातीची पूड वापरावी, मात्र चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नको, नाहीतर हाताला रंग लागतो. ओली छटा सुकल्यावर बरीच फिकट होते. नमुना वाळवून मगच ठरवावे, आणि एका भिंतीला पुरेल एवढे मिश्रण एकदमच करावे, कारण नंतर तीच छटा जुळत नाही. मिठाचा खडा टाकण्याची सवय अनेक रंगाऱ्यांना असते. खाडीकाठच्या घरात मीठ मुळीच घालू देऊ नये.

भिंतीवर पाणी शिंपडून, ते जिरल्यावर कुंच्याने पहिला हात आडवा आणि दुसरा उभा द्यावा. लावताना चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि खालचे डाग तसेच राहिल्यासारखे वाटतात, म्हणून नवखा रंगारी मिश्रण दाट करू लागतो. त्याला तिथेच थांबवावे. अर्ध्या-पाऊण तासात भिंत पांढरी होत जाते, आणि दाट हात पुढे पोपडे होऊन सुटतो. असे पातळ चार-पाच हात, दोहोंमध्ये एक दिवस राखून द्यावेत; सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची, म्हणजे ताजा हात नेहमी सावलीत राहतो. पावसाच्या माऱ्यातल्या भिंतीसाठी शेवटच्या हातात अगदी थोडे जवसाचे तेल घालतात, पण तेल जास्त झाले की पुढच्या वर्षीचा हात धरत नाही.

सफेदी करणे शक्यच नसेल तर पोटॅशियम सिलिकेटवर आधारलेला खनिज रंग हा दुसरा चांगला मार्ग आहे. जर्मनीत आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ साली त्याचे पेटंट घेतले. तो महाग असला तरी वाफ अडवत नाही; मात्र प्लास्टिक रंग पूर्ण निघालेला असेल तरच तो भिंतीला धरतो.

पुढची देखभाल खर्चाची नाही. मे महिन्यात पन्हळी आणि कौले साफ करावीत, जोत्यालगतच्या चरातला कचरा काढावा, पावसानंतर भिंतीवरचे शेवाळ झाडावे आणि पश्चिमेच्या भिंतीला दर एक-दोन वर्षांनी, इतर भिंतींना तीन-चार वर्षांनी सफेदीचे एक-दोन हात द्यावेत. उरलेला चुना फेकू नये. झाकणाच्या डब्यात चार बोटे पाण्याखाली ठेवला तर तो पुढच्या हंगामात वापरता येतो, आणि डब्यावर पिवडी-गेरूचे प्रमाण लिहून ठेवले की रंगारी बदलला तरी छटा बदलत नाही.